दुबईत फ्लॅट घेता येतो, मग गावात शेत का नाही?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलंय.)

मागं पाण्याचा आवाज येतोय ना, तो एडिटिंगमध्ये टाकलेला नाही. आज मी कपिलधारला बसून बोलतोय. यंदा कार्तिकातसुद्धा धार चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंबा येतं, तिथून आत वळलं की बालाघाटाच्या दरीत कपिलधार. इथं संत मन्मथस्वामींची समाधी आहे. सोळाव्या शतकातले वीरशैव संत, 'परमरहस्य' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. कार्तिक पौर्णिमेला इथं मोठी यात्रा भरते, मराठवाड्यातून दिंड्या चालत येतात. आणि यात्रेत अनोळखी माणूस शेजारी बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं गाव?"

आजचा विषय त्या प्रश्नापासूनच सुरू होतो. कारण जमीन घ्यायला गेलात की कायदा 'कुठलं गाव' असं विचारत नाही. तो विचारतो, 'राहता कुठं?'

झालं असं, की माझा मामेभाऊ यात्रेसाठी आला होता. आठ वर्षं झाली, दुबईत एसी मेंटेनन्सच्या कामात आहे. आता सुपरवायझर झालाय, पगार सहा हजार दिरहम. दर्शन झालं, इथंच पायऱ्यांवर चहा घेत बसलो, आणि त्यानं मोबाइल काढून मला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, दुबईतल्या एका स्टुडिओ फ्लॅटचं ब्रोशर. किंमत सहा लाख दिरहम, बुकिंगला फक्त दहा टक्के. दुसरी, एका इसार पावतीचा फोटो. मामांच्या शेताला लागून, बांधाला बांध असलेली दोन एकर विकायला निघाली होती. यानं पाच लाख रुपये इसार देऊन टाकला होता. खरेदीखत पुढच्या आठवड्यात, याच्या नावानं.

मला म्हणाला, "फ्लॅटचं काय ते तू बघून सांग. शेताचं तर फायनल आहे."

मी बीडमध्ये एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. त्यामुळं असले कागद रोज डोळ्याखालून जातात. मी म्हणालो, "भावड्या, उलटं आहे. फ्लॅट तुला कायद्यानं घेता येतो. शेत घेता येत नाही."

तो हसायला लागला. मग चिडला. "पासपोर्ट भारताचा, आधार माझं, बाप शेतकरी, सातबाऱ्यावर आज्याचं नाव होतं. आणि मला माझ्याच गावात शेत घेता येत नाही? मी काय परदेशी आहे का?"

हा प्रश्न नीट समजून घेऊ, कारण ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण आज आखातात आहेत किंवा उद्या जर्मनीला, कॅनडाला जाणार आहेत.

अनिवासी म्हणजे नक्की कोण?

आपल्याकडं समज असा, की एनआरआय म्हणजे अमेरिकेत बंगला, सूट-बूट, ग्रीन कार्ड. तसं नाही. परकीय चलनाचा आपला कायदा आहे, फेमा, १९९९ चा. त्यात तुमच्याकडं पासपोर्ट कुठला हे वेगळं आणि तुम्ही निवासी की अनिवासी हे वेगळं. नोकरीसाठी देश सोडून बाहेर गेलात की या कायद्याच्या नजरेत तुम्ही अनिवासी. मग तुम्ही दुबईत कंपनीचे मालक असा नाहीतर लेबर कॅम्पमध्ये राहणारे वेल्डर असा, दोघंही सारखेच. बाहेर शिकायला गेलेल्या मुलांनाही रिझर्व्ह बँक अनिवासीच धरते.

आणि अनिवासी भारतीयाला भारतात घर, फ्लॅट, दुकान, एनए प्लॉट घेता येतो. त्यासाठी परवानगीही लागत नाही. मात्र तीन गोष्टी घेता येत नाहीत: शेतजमीन, मळ्याची जमीन, म्हणजे चहा-कॉफी-रबरची लागवड, आणि फार्महाऊस. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड घेतलेल्यांनाही हाच नियम. २०१९ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय.

एवढंच नाही. शेतजमीन बक्षीसपत्रानंसुद्धा घेता येत नाही. वडिलांना वाटलं, आपल्या हयातीत पोराच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकावं, तर पोरगं अनिवासी असताना ते चालत नाही.

मग काय चालतं? वारसा चालतो. वडिलांच्या माघारी वारसानं किंवा मृत्युपत्रानं शेत तुमच्या नावावर आलं, तर ते ठेवता येतं. परदेशी जायच्या आधी, इथं राहत असताना घेतलेलं शेत असेल तर तेही ठेवता येतं. विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्यालाच विकायचं. आणि कायमचं परत आलात, इथंच राहायचं ठरवून आलात, की तुम्ही पुन्हा निवासी. मग शेतकरी म्हणून जमीन घ्यायला फेमाची आडकाठी नाही. आपल्या मराठवाड्यात त्याच्यावर अजून एक कायदा आहे, जुन्या हैदराबाद राज्यातून आलेला, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५०. शेतकरी असल्याचा पुरावा वगैरे गोष्टी त्यात येतात. पण ती पुढची पायरी.

"रजिस्ट्रीला कोण विचारतंय?"

भावड्याचा पुढचा प्रश्न हाच होता. आणि खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा बरोबर आहे. आधार, पॅन, सातबारा घेऊन गेलात तर दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात 'तुम्ही दुबईत राहता का' असं बहुधा कुणी विचारणार नाही. खरेदीखत होऊन जाईल. फेरफारही होऊन जाईल.

पण व्यवहार नोंदला गेला म्हणजे तो कायदेशीर झाला असं नाही. फेमा मोडला तर दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. हे बाहेर कधी येतं? उद्या शेत विकून पैसे दुबईला न्यायचे म्हटलं की बँक विचारते, हे शेत तुमच्याकडं आलं कसं. किंवा बांधावरनं भांडण झालं आणि समोरच्याच्या वकिलानं तुमच्या पासपोर्टवरचे शिक्के काढले. आपल्याकडं बांधावरनं भांडण होणारच नाही, अशी खात्री कोण देईल?

भावाच्या नावानं मुखत्यारपत्र केलं तरी फरक पडत नाही. सही भाऊ करेल, पण घेणारे तुम्हीच. जे तुम्हाला घेता येत नाही ते तुमचा मुखत्यारही तुमच्यासाठी घेऊ शकत नाही.

आणि ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना, 'खास एनआरआय बांधवांसाठी फार्महाऊस प्लॉट, डोंगरालगत, धबधबा दहा मिनिटांवर', त्यापासून जरा लांब. सातबारा बघा. जमीन अजून शेतीच असेल, एनए आदेश नसेल, तर नाव काहीही द्या, ते शेतच. आणि 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं दिसलं तर तिथंच थांबा. देवस्थानची, इनामी जमीन आपल्या भागात बरीच आहे, आणि ती सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबारा मोबाइलवर महाभूलेखला दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे.

आता दुबईचा फ्लॅट

इथं गंमत बघा. ज्या देशात भावड्या खऱ्या अर्थानं परदेशी आहे, तिथं त्याला घर घेता येतं. दुबईत २००६ चा सात नंबरचा कायदा आहे. त्यानुसार परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या भागांत पूर्ण मालकीनं, किंवा ९९ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यानं मालमत्ता घेता येते. सगळ्या दुबईत नाही, ठरलेल्या भागांतच. म्हणून पहिला प्रश्न, हा प्रकल्प त्या भागात येतो का, आणि मिळणार ती मालकी की भाडेपट्टा?

पण 'घेता येतो' आणि 'घ्यावा' यात अंतर आहे. आम्ही चहाच्या पेल्याशेजारी पेन घेऊन बसलो.

सहा लाख दिरहमचा फ्लॅट, अजून बांधून व्हायचाय. हप्ते साठ-चाळीस. म्हणजे बांधकाम चालू असताना साठ टक्के, तीन लाख साठ हजार. ताबा घेताना चाळीस टक्के, दोन लाख चाळीस हजार. भावड्याचा पगार सहा हजार. ताब्याच्या दिवशी जी रक्कम द्यायची ती त्याचा चाळीस महिन्यांचा पूर्ण पगार. न जेवता, न घरी पैसे पाठवता. त्यावर जमीन खात्याची नोंदणी फी चार टक्के, म्हणजे चोवीस हजार दिरहम. ब्रोशरमध्ये ती कुठं होती? शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. शिवाय दरवर्षी चौरस फुटाप्रमाणं सर्व्हिस चार्ज, तुम्ही राहा नाहीतर कुलूप लावा.

तो म्हणाला, "ताब्याच्या वेळी बँकेचं कर्ज काढीन." काढता येईलही. पण तिथली बँक पगार बघून कर्ज देते, आणि तिथला पगार व्हिसाला बांधलेला. नोकरी गेली तर ठराविक मुदतीत देश सोडावा लागतो. हप्ते मात्र देश सोडून जात नाहीत.

"पण घर घेतलं की गोल्डन व्हिसा मिळतो ना?" मिळतो, दहा वर्षांचा. त्यासाठी मालमत्ता किमान वीस लाख दिरहमची लागते. सहा लाखांच्या स्टुडिओवर तो मिळत नाही. आणि व्हिसा म्हणजे नागरिकत्व नव्हे, हेही लक्षात ठेवा.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं गणित बीडच्या माणसाला एका शब्दात कळेल: उचल. ऊसतोडीला जाताना मुकादम आधी उचल देतो, मग हंगामभर ती फेडायची. इथं उलटं. इथं उचल तुम्ही देता आणि फेडायची बिल्डरनं, इमारत बांधून. त्यानं नाही फेडली तर? २००८ नंतरच्या मंदीत दुबईत हेच झालं. किमती साधारण निम्म्यावर आल्या, कितीतरी प्रकल्प अर्धवट राहिले, रद्द झाले.

त्यातून नियम कडक झाले, हे मान्य करायला हवं. २००७ चा एस्क्रो कायदा तर त्याआधीपासूनच आहे. तुमचे पैसे बिल्डरच्या खिशात नाही, त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात जायला हवेत, आणि बांधकाम पुढं सरकेल तसे ते बाहेर निघतात. म्हणून पैसे कुणा एजंटच्या खात्यावर, रोख, 'टोकन म्हणून' द्यायचे नाहीत. प्रकल्पाची नोंद आणि एस्क्रो खातं 'दुबई रेस्ट' नावाच्या सरकारी ॲपवर तपासता येतं. फोन सगळ्यांच्या हातात आहे. रील बघायच्या आधी ते बघा.

भारतात राहून बाहेर घर घ्यायचं असेल तर

आता जे इथंच आहेत, पुण्यात आयटीत आहेत, आणि हॉटेलातल्या दुबई प्रॉपर्टी एक्स्पोला जाऊन येतात, त्यांच्यासाठी. मी पण गेलो होतो एकदा, खोटं कशाला बोलू. खजूर, कॉफी, थ्रीडी मॉडेल. आणि शेवटी एक गोड बोलणारा पोरगा म्हणाला, "सर, कार्ड स्वाइप करा, युनिट लॉक होईल." माझं कार्ड खिशातून अर्धं बाहेर आलं होतं.

तसं करायचं नाही. परदेशात घर घेणं हा भांडवली व्यवहार आहे, तो क्रेडिट कार्डवर करायचा नसतो. रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना आहे. त्यात भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात, बँकेतून, ए-टू फॉर्म भरून, कारण लिहून. यासाठी इथल्या बँकेचं कर्ज मिळत नाही, स्वतःचे पैसे लागतात. वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर जी रक्कम पाठवाल तिच्यावर बँक वीस टक्के टीसीएस कापते. तो कर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकून राहतो.

आणि घर झाल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. 'तिकडं कर नाही, मग इकडं कशाला सांगू' असं म्हणून सोडलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. बाकीच्या काही छोट्या मालमत्तांना त्यात सवलत दिलीय, घर-जमिनीला नाही. तिथल्या भाड्यावर तिथं कर नसला, तरी भारतात निवासी असाल तर इथं तो उत्पन्नात धरला जातो.

भावड्याला मात्र एक चांगली गोष्ट आहे. अनिवासी असताना, तिथल्या कमाईतून घेतलेलं घर तो उद्या कायमचा परत आला तरी ठेवू शकतो. फक्त इथं आल्यावर निवासी म्हणून कर लागू झाला, की ते जाहीर करायचं.

बाकीचे देश

दरवाजे सगळीकडं दुबईसारखे उघडे नाहीत. कॅनडानं २०२३ पासून परदेशी लोकांना शहरी भागात राहती घरं विकायला बंदी घातली, ती १ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. ऑस्ट्रेलियानं एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी लोकांना जुनी, बांधलेली घरं घ्यायला मनाई केली. दोन्हीकडं कायमचा रहिवास मिळालेल्यांना यातून सूट आहे. सिंगापूर 'नाही' म्हणत नाही, पण परदेशी माणसाला किमतीच्या साठ टक्के जादा मुद्रांक शुल्क लावतं. थायलंडमध्ये जमीन नाही मिळत, इमारतीतला फ्लॅट मिळतो, तोही एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत.

जर्मनीत परदेशी माणसाला अशी बंदी नाही. पण तिथं नोटरीसमोर करार झाल्याशिवाय घराची खरेदी होतच नाही, आणि खरेदीवरचा कर राज्याप्रमाणं साडेतीन ते साडेसहा टक्के. आपली पोरं ज्या बाडेन-वुर्टेमबर्गला जातात तिथं पाच टक्के.

म्हणजे कुठंही जा, सही करायच्या आधी चार प्रश्न. या जागी, माझ्या आजच्या दर्जाला, कायदा परवानगी देतो का? मिळतं ते नक्की काय, मालकी की मुदतीचा हक्क? पैसा कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात जाणार, आणि त्याचा कागद राहणार का? आणि चौथा, जो आपण कधी विचारत नाही: नोकरी गेली किंवा मीच गेलो, तर हे कुणाचं?

मग शेताचं काय झालं?

चौथ्या प्रश्नावरच आमची गाडी अडली होती. मी म्हणालो, रस्ता एक आहे. मामा शेतकरी आहेत, इथं राहतात. तू त्यांना पैसे बँकेतून बक्षीस म्हणून दे, साधं बक्षीसाचं पत्र लिही. वडिलांना मुलाकडून मिळालेल्या पैशावर कर नाही. शेत मामा घेतील, स्वतःच्या नावानं.

त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे नाव दादांचं, शेत माझं."

मी म्हणालो, "नाही. नाव दादांचं आणि शेतही दादांचं. नाव त्यांचं आणि खरा मालक तू, असं मनात ठेवशील तर त्याला बेनामी म्हणतात. त्याचा वेगळा कायदा आहे, आणि त्यात शेत सरकारजमा होतं. द्यायचं तर खरंच द्यायचं. दादांनी ते विकलं तरी तू बोलायचं नाही. आणि त्यांच्या माघारी मृत्युपत्र नसेल, तर मामींचा, तुझा आणि केजला दिलेल्या ताईचा, तिघांचा सारखा हिस्सा."

तो गप्प झाला. लई वेळ गप्प होता. आठ वर्षं पन्नास डिग्रीत गच्चीवर एसी दुरुस्त करून जमवलेला पैसा. मला सांगा, तुमचं काय झालं असतं?

रात्री मामांच्या घरी हा विषय निघाला. मामा म्हणाले, "मला कशाला घालता यात, मी काय वर घेऊन जाणार आहे?" मामी म्हणाल्या, "पोरीला उगं मधी आणू नका." मग भावड्यानंच ताईला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "दादांच्या नावानं घे. माझा हिस्सा निघाला तर निघू दे, तवा बघू. पण मला न विचारता सह्या मागायला येऊ नको, आज विचारलंस तसंच विचार."

इसार पावती रद्द केली. मालक शेजारीच, चांगला माणूस, त्यानं मामांच्या नावानं नवीन करून दिली. दोन एकर जमली नाही, एकच एकर घेतली. खरेदीखत मामांच्या नावानं झालं.

दुबईचा फ्लॅट? ते ब्रोशर अजून त्याच्या फोनमध्ये आहे. परवा त्याचा मेसेज आला, एजंटला एस्क्रो खात्याचा नंबर विचारला तेव्हापासून एजंटचा फोन लागत नाही.

मी काही वकील नाही, आणि प्रत्येकाची केस वेगळी असते. व्यवहाराच्या आधी फेमा कळणाऱ्या सीएला किंवा वकिलाला एकदा कागद दाखवाच. त्याची फी इसारापेक्षा नक्कीच कमी असते.

पुढच्या भागात एनआरई आणि एनआरओ खात्यातला फरक, कारण त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आलेत. तुमचा प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, नाव-गाव सांगायची गरज नाही. आणि बाहेर असलेल्या भावाला, मित्राला हा भाग पाठवा, विशेषतः तो दिवाळीत येऊन इसार देऊन गेला असेल तर.

चला, वर जाऊन पुन्हा एकदा दर्शन घेतो. भेटू.